समोरच्या वकिलाचं बिल

१ ऑगस्ट १९७५. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड शहरात एका घरी मेजवानी चालू होती. जमलेली बहुतेक मंडळी मेक्सिकन वंशाची. पोलिसांचा मोठा ताफा वॉरंट नसताना त्या घरात शिरला, अश्रुधूर सोडला, गरज नसताना बळ वापरलं आणि अनेकांना धरून नेलं. आरोपांना पुरेसा आधार नाही म्हणून पुढे ते काढून टाकावे लागले. त्या रात्री तिथे असलेल्या आठ जणांनी शहर, पोलीसप्रमुख आणि तीस पोलीस यांच्यावर दिवाणी दावा लावला. १९८०मध्ये ज्युरीने शहराला आणि पाच पोलिसांना दोषी धरलं आणि एकूण ३३,३५० डॉलर भरपाई ठरवली. त्यानंतर वादींच्या वकिलांनी फीसाठी अर्ज केला. न्यायालयाने मंजूर केलेली फी होती २,४५,४५६ डॉलर २५ सेंट. भरपाईच्या सातपटीहून जास्त असलेली ही रक्कम भरायची होती हरलेल्या शहराने.

शहर हादरलं, यात नवल नाही. तेहेतीस हजारांच्या दाव्याला अडीच लाखांची फी वाजवी कशी, हा प्रश्न घेऊन ते थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८६मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरलं. ‘सिटी ऑफ रिव्हरसाइड विरुद्ध रिव्हेरा’ हा निकाल तिथल्या फीच्या वादांमध्ये आजही वाचला जातो. समोरच्याच्या वकिलाच्या बिलावर हरकत कशी घ्यावी आणि कशी घेऊ नये, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात. रक्कम डोळे विस्फारणारी आहे एवढं सांगून कोणत्याही न्यायालयात भागत नाही. ती रक्कम ज्या तासांची आणि ज्या दराची बनली आहे, त्यांच्यापर्यंत उतरावं लागतं.

मुळात हरलेल्याने जिंकलेल्याच्या वकिलाची फी द्यायची, हा अमेरिकेतला नेहमीचा नियम नाही. इंग्लंडमध्ये तो शतकानुशतकं आहे. अमेरिकेने मात्र १७९६च्या ‘आर्कॅम्बेल विरुद्ध वाइजमन’ या खटल्यापासून वेगळी वाट धरली. त्यात नुकसानभरपाईच्या हिशेबात धरलेले वकिलांच्या फीचे सोळाशे डॉलर सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर केले. तेव्हापासून ज्याने त्याने आपल्या वकिलाचे पैसे आपण द्यावेत, हा तिथला सर्वसाधारण नियम झाला. करारात तशी अट असेल किंवा कायदेमंडळाने तसा कायदा केला असेल, तर अपवाद. अलास्काच्या तेलवाहिनीच्या खटल्यात १९७५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की लोकहिताचा दावा आहे म्हणून न्यायाधीश स्वतःहून फी देववू शकत नाहीत, ते काम काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं. दुसऱ्याच वर्षी, १९७६मध्ये, काँग्रेसने नागरी हक्कांच्या दाव्यांसाठी तसा कायदा केला. जिंकलेल्या पक्षाला ‘वाजवी’ फी देण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. या कायद्यामागचा हेतू विसरला तर पुढचा सगळा वाद समजत नाही. ज्याच्या घरात पोलीस घुसले, ज्याला वेड्यांच्या इस्पितळात विनाउपचार डांबलं, ज्याला कातडीच्या रंगामुळे नोकरी नाकारली, त्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नसतात आणि अनेकदा त्याच्या दाव्याचं पैशातलं मोलही थोडं असतं. फी हरणाऱ्याकडून मिळणार नसेल, तर असा दावा कोण चालवणार?

फी मागायची पद्धत ठरलेली आहे. संघराज्याच्या न्यायालयांत, निकालाची नोंद झाल्यापासून साधारण चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. त्याला वकिलांच्या वेळेच्या नोंदी आणि दराबद्दलची प्रतिज्ञापत्रं जोडतात. अमेरिकन वकील आपला दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहून ठेवतात. तासाचा दहावा भाग हे त्यांचं माप. कोणत्या तारखेला, कोणी, कशासाठी, किती वेळ दिला, हे त्या नोंदीत दिसतं. वाजवी तास गुणिले वाजवी दर, हा फीचा पाया. याला तिथे ‘लोडस्टार’ म्हणतात. रिव्हरसाइडचा आकडा याच गुणाकारातून आला. दोन वकिलांचे मिळून १,९४६.७५ तास, ताशी १२५ डॉलर. त्यांच्या हाताखालच्या लॉ-क्लार्कांचे ८४.५ तास, ताशी २५ डॉलर. गुणाकार करून बेरीज घेतली की सेंटसकट तीच रक्कम येते.

हरकत घेणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न मात्र गुणाकाराचा नाही. समोरचा पक्ष फी मागायला पात्र तरी आहे का, हा तो प्रश्न. कायदा ‘जिंकलेल्या’ पक्षालाच फी देतो. २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की दाव्याच्या धाकाने प्रतिवादीने आपणहून वागणूक बदलली, पण न्यायालयाचा हुकूम झालाच नाही, तर वादी जिंकला असं म्हणता येत नाही. २०२५मध्ये ‘लॅकी विरुद्ध स्टिनी’ या व्हर्जिनियातल्या वाहनचालक परवान्यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. वादींना तात्पुरता मनाईहुकूम मिळाला होता. अंतिम निकाल लागण्याआधीच विधिमंडळाने कायदा बदलला. तेव्हा केवळ तात्पुरत्या मनाईहुकमाने वादी ‘जिंकलेले’ ठरत नाहीत, असा निर्णय झाला. मला हा निर्णय गरीब वादींच्या दृष्टीने कठोर वाटतो. वर्षानुवर्षं लढून कायदा बदलायला लावलेल्या माणसाच्या वकिलाला काहीच मिळू नये, यात १९७६च्या कायद्याचा हेतू हरवतो. पण प्रतिवादीच्या वकिलाला हा निर्णय माहीत नसेल, तर तो आपलं काम नीट करत नाही.

त्यानंतर दर. १९८४च्या ‘ब्लम विरुद्ध स्टेन्सन’ खटल्यापासून मोजपट्टी आहे ती त्या भागातल्या बाजारभावाची: तेवढ्याच कौशल्याचा आणि अनुभवाचा वकील तिथे तशाच कामाला ताशी किती घेतो? वादीचा वकील धर्मादाय संस्थेत पगारावर काम करत असला, तरी दर बाजाराचाच धरायचा. म्हणून ‘याला पगार इतकाच आहे’ ही हरकत चालत नाही. चालते ती अशी: प्रतिज्ञापत्रातला दर न्यूयॉर्कच्या मोठ्या फर्मचा आहे आणि खटला चालला मिसिसिपीच्या एका लहान जिल्ह्यात. किंवा पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा दर लावून जे काम केलं ते तीन वर्षांचा कनिष्ठ वकील सहज करू शकला असता. वॉशिंग्टनमध्ये विमान कंपनीविरुद्धच्या एका खटल्यातून जन्मलेला ‘लॅफी मॅट्रिक्स’ नावाचा एक तक्ता आहे. त्यात वकिलाच्या अनुभवाच्या वर्षांप्रमाणे ताशी दर दिलेले असतात. त्या तक्त्यावरही वाद होतातच. दर जास्त आहे असं म्हणणाऱ्याने दुसरा दर काय असावा, हे त्याच भागातल्या वकिलाच्या प्रतिज्ञापत्राने किंवा त्याच न्यायालयाच्या अलीकडच्या निकालांनी दाखवावं लागतं. हे जमलं की दराचा वाद सहसा लवकर मिटतो.

खरी लढाई तासांची असते. तिथे आधार लागतो तो १९८३च्या ‘हेन्स्ली विरुद्ध एकरहार्ट’ या निकालाचा. मिझुरी राज्यातल्या फुल्टन इथल्या सरकारी मनोरुग्णालयात सक्तीने ठेवलेल्या रुग्णांनी तिथल्या वागणुकीबद्दल दावा केला होता. उपचारांच्या सहा बाबींपैकी पाच बाबींत राज्यघटनेचा भंग झाल्याचं सिद्ध झालं. फी किती द्यायची यावर न्यायमूर्ती पॉवेल यांनी जे लिहिलं, त्यावर आज सगळी इमारत उभी आहे. त्यांचं एक सूत्र साधं आहे: जे तास प्रामाणिक वकील आपल्याच अशिलाच्या बिलात लावणार नाही, ते त्याने प्रतिपक्षाच्या बिलातही लावू नयेत. अतिरिक्त, दुहेरी आणि अनावश्यक तास अर्ज करण्याआधी त्याने स्वतःच गाळावेत. गाळणी लावली नसेल, तर हरकत घेणारा ती लावतो.

ती कशी लावायची? एकाच नोंदीत पाच कामं कोंबलेली असतात. ‘अशिलाशी फोन, विरुद्ध वकिलाला ई-मेल, कायद्याचा अभ्यास, मसुदा दुरुस्त केला: ६.८ तास.’ फोन दहा मिनिटांचा होता की दोन तासांचा, हे यावरून कुणालाच सांगता येणार नाही. याला तिथे ‘ब्लॉक बिलिंग’ म्हणतात. २००७मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे अपिलांसाठी पाडलेल्या नवव्या विभागाच्या, अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाच्या वकील संघटनेच्या एका अहवालाचा दाखला घेतला. असं एकत्र लिहिल्याने वेळ दहा ते तीस टक्के फुगू शकतो, असं त्या अहवालात म्हटलं होतं. मात्र कपात फक्त अशा एकत्र लिहिलेल्या तासांवर करा, सगळ्या बिलावर नको, असंही त्या न्यायालयाने बजावलं. ही अट फार मोलाची आहे. हरकत नेमकी हवी, तसा तिचा परिणामही नेमका हवा.

दुसरं पाहायचं ते माप. सहा मिनिटांऐवजी पंधरा मिनिटांच्या घासांत वेळ लिहिणारे वकील असतात. दोन ओळींच्या ई-मेलला पाव तास. महिनाभरात असे शंभर ई-मेल झाले, तर पंचवीस तास लागतात. त्यानंतर कारकुनी काम: कागद फायलीत लावणं, झेरॉक्स, तारखा वहीत लिहिणं, पाकीट पोस्टात टाकणं. १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निव्वळ कारकुनी काम कोणीही केलं असलं, तरी त्याला वकिलाचा काय, पॅरालीगलचाही (वकिलाच्या मदतनिसाचाही) दर लावू नये. एकाच सुनावणीला चार वकील बसलेले असतात आणि बोलतो एकच. आपापसातल्या बैठकांचे तास तर प्रत्येक वकील आपल्या खात्यात वेगळे लिहितो. एक तासाची बैठक, पाच वकील, बिल पाच तासांचं. प्रवासाचा वेळ पुष्कळ न्यायाधीश अर्ध्या दराने देतात. आणि ‘संशोधन’, ‘फाइल पाहिली’, ‘विचार केला’ अशा नोंदी असतात, ज्यांत कशाचं संशोधन आणि कोणती फाइल हे कुठेच नसतं.

रिव्हरसाइडच्या खटल्यात ही गाळणी कशी दिसते, ते न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांच्या असहमतीच्या मतात आहे. मला हा भाग या विषयावरचं सर्वांत उपयोगी वाचन वाटतो, त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नसलो तरी. त्यांनी बिलातले तुकडे वेगळे काढले. दावा लावण्याआधीचे जवळजवळ २०९ तास, २६,११८.७५ डॉलर. दोन वकिलांच्या आपापसातल्या चर्चेचे १९७ तास, २४,६२५ डॉलर. खटला सुरू होण्याआधीचा एक हुकूम तयार करायला १४३ तास, १७,८७५ डॉलर. आणि लॉस एंजेलिसहून आलेल्या एका वकिलाने रिव्हरसाइडच्या हॉटेलात व आसपास थांबून घालवलेले ४५.५ तास, ५,६८७.५० डॉलर. हे वाचताना लक्षात येतं की हरकत म्हणजे काय असते. ‘सातपट’ हा शब्द मोठ्याने उच्चारण्यात तितकं बळ नाही, जितकं ‘हॉटेलात पंचेचाळीस तास’ दाखवण्यात आहे.

तरी बहुमत दुसरीकडे गेलं, आणि माझ्या मते बरोबर गेलं. न्यायमूर्ती ब्रेनन यांचं म्हणणं असं की नागरी हक्कांचा दावा म्हणजे केवळ पैशाचा दावा नसतो. पोलिसांनी विनावॉरंट घरात शिरू नये, हे एकदा न्यायालयात सिद्ध झालं की फायदा त्या आठ जणांपुरता राहत नाही, सगळ्या शहराचा होतो. फी भरपाईच्या प्रमाणात बांधली, तर गरिबाचा छोटा दावा कोणताच वकील हाती घेणार नाही. आणखी एक मुद्दा शहराच्या वर्मी लागणारा होता. तुम्ही प्रत्येक मुद्द्यावर चिवटपणे लढायचं आणि त्याला तोंड द्यायला समोरच्याला जो वेळ लागला त्याबद्दल नंतर तक्रार करायची, हे चालणार नाही, असा विचार त्या निकालात आहे. हरकत घेणाऱ्याने आरशात पाहावं असा हा मुद्दा आहे. समोरच्याचे दोनशे तास गेले ते तुम्ही केलेल्या बारा अर्जांना उत्तरं देण्यात गेले असतील, तर बिल फुगवण्यात तुमचाही हात आहे.

यशाचं माप हा तासांच्या आणि दरांच्या पलीकडचा तिसरा मार्ग. हेन्स्लीने त्याचे दोन भाग केले. जी मागणी फसली ती जिंकलेल्या मागणीपासून अगदी वेगळी असेल, तर तिचे तास पूर्ण गाळायचे. दोन्ही मागण्या एकाच घटनेतून आल्या असतील, तर तुकडे न पाडता एकूण यश किती मिळालं ते पाहायचं. रिव्हरसाइडच्या पोलिसांपैकी अनेकांवरचा दावा आधीच निकालात निघाला होता, तरी घटना एकच, म्हणून तास गाळले गेले नाहीत. याच्या उलट टोकाला आहे १९९२चा ‘फॅरर विरुद्ध हॉबी’. वादीने एक कोटी सत्तर लाख डॉलर मागितले होते आणि हाती आला एक डॉलर, नाममात्र. खालच्या न्यायालयाने फी दिली होती २,८०,००० डॉलर. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की वादी तांत्रिकदृष्ट्या जिंकला हे खरं, पण अशा विजयाची वाजवी फी सहसा शून्य असते. हे दोन निकाल शेजारी ठेवले की चित्र नीट दिसतं. भरपाई थोडी असणं हा दोष नाही. मागितलं काय आणि साधलं काय, यातली दरी हा दोष ठरू शकतो.

वरच्या दिशेनेही अशीच मर्यादा आहे. जॉर्जियातल्या पालनगृहांमधल्या सुमारे ३,००० मुलांसाठी लढलेल्या ‘पर्ड्यू विरुद्ध केनी ए.’ खटल्यात खालच्या न्यायाधीशाने तास कापून सुमारे साठ लाख डॉलरचा गुणाकार काढला. मग वकिलांचं काम असामान्य होतं म्हणून त्यावर ७५ टक्के वाढ दिली. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढ टिकू दिली नाही. वाढ मिळूच शकत नाही असं नाही, पण उत्तम काम चांगल्या दरात आधीच मोजलेलं असतं, ते पुन्हा मोजायचं तर कारण आणि हिशेब दोन्ही दाखवावे लागतील.

आता हरकतीच्या मांडणीबद्दल, कारण बहुतेक हरकती तिथे फसतात. तास आणि दर सिद्ध करायची जबाबदारी फी मागणाऱ्याची. पण त्याने नोंदी आणि प्रतिज्ञापत्रं दिली की चेंडू हरकतदाराकडे येतो. किराणा दुकानदाराला ‘महिन्याचं बिल जास्त झालं’ एवढंच म्हटलं, तर तो वही पुढे सरकवतो आणि विचारतो, कोणत्या तारखेचं? न्यायाधीशही तेच विचारतो. कोणती नोंद, का नको, आणि किती कमी करावी? तिसऱ्या सर्किटने तर १९८९मध्ये सांगितलं की ज्या नोंदींवर प्रतिपक्षाने हरकतच घेतलेली नाही, त्या न्यायाधीशाने आपल्या मनाने कापू नयेत. गप्प राहिलेल्याला न्यायालय वाचवत नाही. म्हणून जाणते वकील एक तक्ताच तयार करतात. त्यात तारीख, नोंद, हरकतीचं कारण, मागितलेले तास, मान्य तास असे रकाने असतात. ज्या नोंदी योग्य आहेत त्यांवर ते हरकत घेत नाहीत. प्रत्येक ओळीवर लाल पेन्सिल मारणाऱ्याचं एकही म्हणणं न्यायाधीश मनावर घेत नाही.

पाचशे पानांच्या नोंदी न्यायाधीशाने एकेक करून वाचाव्यात, अशी अपेक्षाही आता नाही. न्यायमूर्ती केगन यांनी २०११च्या ‘फॉक्स विरुद्ध व्हाइस’ निकालात म्हटलं की उद्देश ढोबळ न्याय करण्याचा आहे, हिशेबनिसाची अचूकता गाठण्याचा नाही. न्यायाधीश अंदाजाने टक्केवारी कापू शकतो. नवव्या सर्किटमध्ये दहा टक्क्यांपर्यंतची कपात फारसं स्पष्टीकरण न देता करता येते. त्याहून जास्त कापायचं तर कारणं लिहावी लागतात. टक्केवारी अशी मोठी घ्यायची, तर ती मागणाऱ्यानेच तिचा हिशेब हाती द्यायला हवा. एखाद्या अर्जात फुगवटा इतका असतो की न्यायाधीश संतापतो. सातव्या सर्किटने १९८०च्या ‘ब्राउन विरुद्ध स्टॅक्लर’मध्ये अवास्तव मागणीबद्दल सगळीच फी नाकारणं मान्य केलं होतं. पण हे अपवाद आहेत, त्यावर विसंबून हरकत लिहू नये.

हरकतीला किंमत पडते, आणि ती दोन प्रकारांनी. तुम्ही समोरच्याचे तास जास्त म्हणालात, की तो तुमचं बिल मागू शकतो: याच खटल्यात तुमच्या वकिलांनी किती तास लावले? सगळी न्यायालयं ते द्यायला लावत नाहीत, पण बरीच लावतात. तुमच्या बाजूचे तास त्याच्याहून जास्त निघाले, तर हरकत जागीच गळून पडते. दुसरी किंमत अशी की फीसाठी भांडण्यात गेलेल्या वेळेचीही फी मिळते. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संघराज्य सरकारविरुद्धच्या दाव्यांत हे मान्य केलं आणि नागरी हक्कांच्या दाव्यांतही तोच रिवाज आहे. पोकळ हरकतींवर पन्नास पानं लिहिली, तर त्यांना उत्तर देण्याचा खर्च तुमच्याच माथी येतो. दिवाळखोरीच्या कायद्यात मात्र उलट निर्णय झाला. अॅसार्को या तांब्याच्या कंपनीच्या प्रकरणात वकिलांनी आपल्या फीच्या बचावासाठी घालवलेल्या वेळेचे सुमारे पन्नास लाख डॉलर २०१५मध्ये नाकारले गेले. त्यामुळे कोणत्या कायद्याखाली फी मागितली आहे, हे आधी पाहावं लागतं.

सर्वांत परिणामकारक हरकत मात्र निकालानंतर घेतली जात नाही. ती वर्ष-दोन वर्षं आधी एका प्रस्तावाच्या रूपात दिली जाते. १९७९मध्ये इलिनॉयमधल्या बर्विन इथे घरगुती भांडणाच्या बोलावण्यावर गेलेल्या पोलिसांच्या गोळीने एक तरुण मेला. त्याच्या वडिलांनी दावा लावला. खटल्याआधी पोलिसांनी खर्च आणि फी धरून एक लाख डॉलर देऊ केले. वडिलांनी ते नाकारले. ज्युरीने साठ हजार दिले. प्रस्तावापर्यंतचा खर्च आणि फी मिळून बत्तीस हजार. बेरीज ब्याण्णव हजार, म्हणजे नाकारलेल्या लाखाहून कमी. दिवाणी प्रक्रियेच्या अडुसष्टाव्या नियमानुसार प्रस्तावानंतरचा सगळा खर्च वादीवर गेला, आणि ‘मारेक विरुद्ध चेस्नी’मध्ये १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की त्या खर्चात वकिलाची फीही येते. सुमारे एक लाख एकोणचाळीस हजार डॉलर एका नकारापायी गेले. मुलाच्या मृत्यूचा न्याय मागणाऱ्या बापावर हा नियम किती निष्ठुरपणे पडतो, हे वाचताना जाणवल्याशिवाय राहत नाही. पण रिव्हरसाइडच्या शहराने असा वाजवी प्रस्ताव वेळेत दिला असता, तर अडीच लाखांचा प्रश्नच उभा राहिला नसता.

आपल्याकडे, भारतात, हा वाद जवळजवळ उलटा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पस्तिसाव्या कलमाप्रमाणे खर्च हरलेल्याने द्यावा, हे तत्त्व आपण इंग्लंडकडून घेतलेलं आहे. पण प्रत्यक्षात हुकूमनाम्याखाली खर्चाचा जो तक्ता येतो, त्यात वकिलाची फी उच्च न्यायालयाच्या नियमांत बसेल तेवढीच धरतात. ती खऱ्या फीच्या जवळपासही नसते. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल कलम ३५-अ प्रमाणे मिळणाऱ्या भरपाईची मर्यादा तीन हजार रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये सेलम वकील संघटनेच्या खटल्यात सांगितलं की खर्च खरा आणि वाजवी असावा, त्यात पक्षकाराचा प्रवास, मुक्काम, गेलेला वेळ, वकिलाची फी हे सगळं यावं. पण नियम तेच राहिले. म्हणून २०११मध्ये ‘संजीव कुमार जैन’ खटल्यात काय झालं ते पाहा. दिल्ली उच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांकडून प्रत्यक्ष खर्चाची प्रतिज्ञापत्रं घेतली आणि हरलेल्यावर ४५,२८,००० रुपये बसवले. हरकत सर्वोच्च न्यायालयात गेली आणि यशस्वी झाली. ती घेताना एकाही नोंदीकडे पाहावं लागलं नाही. खरा खर्च देववण्याची सोयच नियमांत नाही, एवढं पुरेसं ठरलं. त्याच निकालात न्यायालयाने खर्चाचे नियम फारच तोकडे आहेत, ते बदलावेत असंही सुचवलं.

बदल आला, पण एका कोपऱ्यात. २०१५च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने व्यापारी वादांसाठी पस्तिसावं कलम नव्याने लिहिलं. हरलेल्याने खर्च द्यावा हा नियम ठळक केला, त्यात वकिलाची फी स्पष्टपणे घातली, आणि खर्च ठरवताना पक्षांची वागणूक, अर्धवट यश, वाजवी तडजोडीचा नाकारलेला प्रस्ताव हे सगळं पाहावं असं सांगितलं. हेन्स्ली आणि मारेक ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हे मुद्दे ओळखीचे वाटतील. २०१८मध्ये या न्यायालयांची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आली, म्हणजे मुंबई-पुण्यातल्या मध्यम व्यापाऱ्याचाही वाद आता तिथे जाऊ शकतो. अडचण नोंदींची आहे. आपले बहुतेक वकील तासावर फी घेत नाहीत. कुणी तारखेला घेतो, कुणी दाव्याची ठरावीक रक्कम घेतो, कुणी काम होईल तसतशी. सहा मिनिटांची वही कुणाकडे नसते. म्हणून इथे समोरच्याच्या खर्चावर हरकत घेणाऱ्याने वेगळे कागद मागायला हवेत: फीचा लेखी करार, पावत्या, बँकेतून गेलेली रक्कम, किती तारखांना वकील खरोखर उभा राहिला आणि किती तारखा त्यानेच पुढे ढकलून घेतल्या. शेवटची माहिती तर न्यायालयाच्या रोजनाम्यातच असते. रोजनाम्याची नक्कल काढून समोरच्याच्या बिलाशेजारी ठेवली, तर दहा तारखांच्या फीपैकी चार तारखा त्यानेच मागून घेतल्या होत्या, हे एका पानावर दिसू शकतं.